एक प्रबंध, दोन विद्यापीठं



साहित्याचं व्यासपीठ, वक्ता होमिओपॅथीचा डॉक्टर आणि विषय विद्युत अभियांत्रिकीतली पीएच.डी. हे जुळणार कसं, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर मला इथूनच दिसतो आहे. हे भाषण पुस्तिकेत छापून आपल्या हाती येईल तेव्हा वाचतानाही तो पडेल. म्हणून आधी कारण सांगतो.

माझ्या नावाआधी 'डॉक्टर' लागतं ते वैद्यकीच्या पदवीमुळे. बीएचएमएस. या पदवीकडे लोक दोनदा बघतात. कुणी दिली, किती वर्षांची, तिच्या जोरावर काय करता येतं आणि काय नाही, हे मला आयुष्यभर सांगावं लागलं आहे. त्यामुळे कुठल्याही पदवीबद्दल ती देतं कोण आणि कशाच्या आधारावर, हे विचारायची मला सवय जडली. गेल्या काही वर्षांत दवाखान्यात आणि लग्नाच्या पंगतीत एक नवा शब्द कानावर येतो: 'आमची मुलगी डबल पीएच.डी. करते आहे.' सांगणाऱ्याची मान थोडी ताठ असते. डबल म्हणजे काय, असं विचारलं की मात्र उत्तर येत नाही. एक अर्धी पवईची, एक अर्धी परदेशातली, असं काहीतरी ऐकायला मिळतं. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या आपल्या घरांतली मुलं या वाटेला लागली आहेत आणि आईबापांना वाट ठाऊक नाही. म्हणून हा विषय.

वाट समजायला फारशी अवघड नाही. विद्यार्थी एक, संशोधनाचा प्रश्न एक, प्रबंध एक. मार्गदर्शक दोन, एक इथला आणि एक तिथला. मुलगा काही काळ या प्रयोगशाळेत काम करतो, काही काळ त्या. शेवटी दोन्ही विद्यापीठं मिळून एकच पदवी देतात तेव्हा ती संयुक्त पदवी. दोघंही आपापली स्वतंत्र पदवी देतात तेव्हा ती दुहेरी पदवी. म्हणजे दुहेरीतसुद्धा काम दोनदा केलेलं नसतं. प्रमाणपत्रं दोन असली तरी ज्ञान दुप्पट झालं असं समजू नये, आणि एवढ्यावरून कमीही लेखू नये, कारण दोन्हीकडचे नियम पाळावे लागतात आणि जिथला नियम कडक तोच खरा ठरतो.

आपल्याला जवळचं उदाहरण पवईचं. आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियातलं मोनॅश विद्यापीठ यांनी 2008 साली मिळून एक संशोधन अकादमी काढली. तिथला विद्यार्थी दोन्हीकडे नोंदलेला असतो, काही महिने मेलबर्नला जातो, आणि पीएच.डी. दोघांची मिळून होते. आयआयटी दिल्लीनं पुढे क्वीन्सलंड विद्यापीठाशी अशीच गाठ बांधली. खऱ्या अर्थानं दुहेरी म्हणावी अशी एक जुनी योजना पोर्तुगालची आहे. 2006 पासून अमेरिकेतल्या पिट्सबर्गचं कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि लिस्बन, पोर्तो वगैरे ठिकाणची विद्यापीठं मिळून पीएच.डी. देतात. त्यात इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हा एक मुख्य विषय. विद्यार्थी काही वर्षं पोर्तुगालमध्ये आणि काही पिट्सबर्गला काढतो. लहान देशानं मोठ्या प्रयोगशाळेत आपली मुलं पाठवायची, पण त्यांचं घरचं विद्यापीठ सुटू द्यायचं नाही, ही त्यातली मेख मला आवडते.

आयआयट्या त्यांच्या स्वतःच्या कायद्यानं चालतात. बाकीच्या विद्यापीठांसाठी यूजीसीनं मे 2022 मध्ये नियम केले. त्यात संयुक्त पीएच.डी.बद्दल स्पष्ट लिहिलं आहे: दोन्ही संस्थांत एकेक मार्गदर्शक हवा, दोन्हीकडे निदान एकेक सत्र काढलं पाहिजे आणि प्रबंध एकच सादर करायचा. अशा पदवीला वेगळी समकक्षता मिळवण्यासाठी दारोदार फिरावं लागत नाही. हे शेवटचं कलम कोरडं वाटेल, पण परदेशी पदवी घेऊन परतलेल्या आणि तिच्या मान्यतेचे कागद गोळा करत फिरलेल्या माणसाला विचारा.

आता बडोद्याकडे येतो. दोन देशांतल्या दोन विद्यापीठांच्या दोन डॉक्टरेट ही गोष्ट आपल्या शहराला नवी नाही. ज्यांनी ती कमावली त्यांना पाठवलं होतं बडोदे संस्थानानंच. महाराजा सयाजीरावांनी 1913 साली भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायचा करार. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते अर्थशास्त्र शिकले, 1915 मध्ये एम.ए. झाले. तिथून 1916 मध्ये लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. वेगळ्या जहाजानं पाठवलेली त्यांची पुस्तकं ते जहाज युद्धात बुडाल्यामुळे गेली. 1920 मध्ये पुन्हा लंडन, या वेळी साठवलेले पैसे, मित्राचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांवर. 1923 मध्ये लंडनची डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. हाती पडायला 1927 उजाडलं, कारण प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाकडे द्याव्या लागत आणि तो 1925 साली छापून झाला. त्या पुस्तकाला कोलंबियाच्या प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे, लंडनच्या रुपयावरच्या प्रबंधाला प्रा. कॅनन यांची. कोलंबियाचा प्रबंध बाबासाहेबांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला आहे.

दोन मार्गदर्शक, दोन देश, दोन प्रबंध. पण त्या दोन विद्यापीठांत कसलाही करार नव्हता. एकीकडचं काम दुसरीकडे धरलं जाईल अशी सोय नव्हती. मुदत संपली की बोटीचं तिकीट काढायचं. आज पवईची मुलगी मेलबर्नला जाते तेव्हा दोन्हीकडच्या कागदांवर तिचं नाव असतं, आणि मधेच परत आली तरी ती परतलेली मानली जात नाही, तिचं काम चालूच राहतं. हा फरक किती मोठा आहे हे बाबासाहेबांची ती दहा वर्षं डोळ्यांसमोर ठेवली की कळतं.

आणि आपल्या शहरानं त्यांना काय दिलं? 1917 मध्ये ते करारानुसार इथे नोकरीला आले. राहायला खोली मिळेना. हिंदू खाणावळीत घेणार नाहीत म्हणून ते पारशी धर्मशाळेत पारशी नावानं राहिले. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र होता, त्या दोघांकडेही जागा झाली नाही. गाडीला पाच तास होते, ते त्यांनी कमाटीबागेत काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आपण जी घरं पिढ्यान्‌पिढ्या इथली म्हणून सांगतो त्यांतली कितीतरी तेव्हाही याच गल्ल्यांत होती. महाराजांची शिष्यवृत्ती होती, करार होता, नोकरी होती, आणि भाड्यानं एक खोली नव्हती.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा योजना दोन्ही बाजूंनी चालायच्या असतात. आपली मुलं तिकडे जातात तशी तिकडची इकडे येऊ शकतात, दुसऱ्या प्रांतांतली तर येतातच. त्यांना खोली देताना आपल्या सोसायट्यांत अजून आडनाव विचारतात, खाणं विचारतात. आम्हा जैनांच्या सोसायट्या यात मागे नाहीत, हे मीच सांगायला हवं. विद्यापीठांनी कितीही सह्या केल्या तरी मूल रात्री झोपतं ते कुणाच्या तरी घरात.

विजेच्या बाबतीत बडोदे कच्चं नाही. 1890 मध्ये महाराजांनी कलाभवन काढलं, प्रा. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. धंद्याचं शास्त्र देशी भाषेतून शिकवावं हा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. त्याच कलाभवनातून आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी विद्याशाखा उभी राहिली. इथल्या विद्यापीठातून एम.ई. झालेल्या विजय भटकरांनी पुढे दिल्लीच्या आयआयटीत 1972 मध्ये पीएच.डी. केली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात 'परम 8000' हा महासंगणक 1991 मध्ये उभा राहिला. अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातला मराठी मुलगा, नागपूर, बडोदे, दिल्ली, पुणे. ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरचे कारखाने आपल्या आसपास किती आहेत ते मकरपुऱ्याला राहणाऱ्यांना सांगायला नको. तिथेच 1974 पासून 'एर्डा' ही विजेच्या उपकरणांच्या चाचणी-संशोधनाची संस्था आहे.

मग एवढं असताना बाहेर कशाला जायचं, असा प्रश्न एका आजोबांनी मला विचारला होता. त्याचं उत्तर मला ज्या मुलीकडून कळलं तिच्याबद्दल सांगतो. घर ओळखू येईल असं काही सांगणार नाही, तिच्या दोन्ही संस्थांची नावंही नाही. ती विजेच्या ग्रिडवर काम करते. मी म्हटलं, मला समजेल असं सांग. ती म्हणाली, "काका, आजीचं जातं आठवा."

जात्याची तळी जड असते. एकदा फिरायला लागली की हात सुटला तरी दोन-तीन वेढे घेते. वणाकबोरीसारख्या औष्णिक केंद्रातली जनित्रं तशीच. शेकडो टनांची चाकं फिरत असतात. एखादं केंद्र अचानक बंद पडलं तरी बाकीची चाकं आपल्या वजनाच्या जोरावर काही सेकंद वेग धरून ठेवतात, आणि तेवढ्या वेळात यंत्रणा सावरते. आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ असते ती या चाकांच्या वेगावर. सोलरमध्ये फिरणारं काही नाही. पॅनेलमधून येणारी वीज इन्व्हर्टर नावाच्या डब्यातून जाते, आणि त्या डब्याला वजन नसतं. गुजरात घरांच्या छपरावरच्या सोलरमध्ये देशात पुढे आहे, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या गच्चीवर पॅनेलं बसली आहेत. जात्याची तळी हळूहळू हलकी होत चालली आहे. मग इन्व्हर्टरलाच असं शिकवायचं की ग्रिड डगमगला तर तू जड चाकासारखा वाग. तिचा प्रबंध याच्यावर आहे.

आता दोन ठिकाणं का? ऑस्ट्रेलियात छपरांवर सोलर आपल्या आधी आणि दाट पसरला. तिथल्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात पवनचक्क्या आणि सोलर यांचा वाटा मोठा. 28 सप्टेंबर 2016 ला वादळात मनोरे कोसळले, पवनचक्क्या ग्रिडवरून सुटल्या आणि सगळं राज्य अंधारात गेलं. पुढच्या वर्षाच्या शेवटी त्यांनी 100 मेगावॉटची बॅटरी बसवली. म्हणजे उद्या आपल्याकडे येणारा प्रश्न तिकडे आधीच आला आहे, त्याची मोजमापं तिकडे आहेत. उलट आपल्या ग्रिडएवढा मोठा ग्रिड त्यांच्याकडे नाही. 30 आणि 31 जुलै 2012 ला आपल्याकडे सुमारे 60 कोटी लोकांची वीज गेली होती, आपला पश्चिम भाग वाचला. एकाच दुखण्याची सुरुवात एका रोग्यात आणि पुढची अवस्था दुसऱ्यात दिसावी, आणि दोघांनाही तपासायची परवानगी मिळावी, तसं हे आहे. कोणता वैद्य नको म्हणेल? चिपवर काम करणाऱ्यांचीही गोष्ट वेगळी नाही. धुळीचा कण चालत नाही अशा महागड्या स्वच्छ खोल्या लागतात, आणि प्रत्येक यंत्र प्रत्येक ठिकाणी नसतं.

हे सगळं झालं शास्त्र. घरात काय होतं ते वेगळं. ती मुलगी चौथ्या वर्षाला होती तेव्हा तिच्या परदेशी मार्गदर्शकांनी नोकरी बदलली, दुसऱ्या विद्यापीठात गेले. आठ महिने तिच्या वार्षिक अहवालावर तिकडून सही झाली नाही. इथले मार्गदर्शक म्हणत, तो धडा त्यांचा, त्यांनाच विचार. त्याआधीही दोघं एकाच पानावर उलटसुलट शेरे मारत. आम्हाला एका वस्तूकडे अनेक बाजूंनी बघायची शिकवण लहानपणापासून असते, पण दोन गाइडांच्या लाल शाईत सापडल्यावर अनेकान्तवाद पचवणं सोपं नाही, असं तीच हसत म्हणाली होती. दिवाळीत घरी आली तेव्हा मात्र हसत नव्हती. झोप नाही, जेवण नाही. आई माझ्याकडे घेऊन आली. मी पुड्या दिल्या, पण त्या दिवशी खरं काम होतं तासभर ऐकण्याचं. आईनं मधेच विचारलं, "डॉक्टर, हिची पदवी एक की दोन? आणि संपणार कधी? स्थळवाल्यांना काय सांगू?"

मुलगी उठून बाहेर गेली.

मी म्हटलं, "वहिनी, स्थळाचं राहू द्या. दोन विद्यापीठांत झालेला करारनामा घरात कुणी वाचला आहे का?" कुणीच वाचला नव्हता. प्रवेशाच्या वेळी आलेली चाळीस पानं मुलीनं सही करून ठेवून दिली होती. घराचं बाणाखत आपण तीन वकिलांना दाखवतो, पोरीच्या पाच वर्षांचा कागद एकालाही नाही. तिनं तो रात्री शोधून काढला. त्यात लिहिलेलंच होतं की कुठल्याही बाजूचा मार्गदर्शक गेला तर त्या विद्यापीठानं ठरावीक मुदतीत दुसरा द्यायचा. तिनं ते कलम दाखवून पत्र लिहिलं. नवा मार्गदर्शक मिळाला. एक धडा सोडून द्यावा लागला, जवळजवळ वर्षाचं काम गेलं. प्रबंध आता सादर झाला आहे.

तेव्हा ज्यांच्या घरात हे चाललं आहे किंवा पुढे चालेल त्यांना माझं सांगणं आहे. तो कागद मागून घ्या आणि मुलाबरोबर बसून वाचा. पदवी एक मिळणार की दोन, आणि प्रमाणपत्रावर नावं कुणाची, हे त्यात असतं. मार्गदर्शक गेला तर काय, हे असतं. परदेशात असताना पैसे कोण देणार ते नीट पाहा. इथल्या जेआरएफचे महिना 37,000 रुपये पवईत पुरतात, मेलबर्नच्या भाड्याला नाही. शोधाचं पेटंट झालं तर हक्क कुणाचा, हेही लिहिलेलं असतं. परीक्षा दोन्हीकडच्या नियमांनी होते की एकाच, यावर सहा-आठ महिने इकडचे तिकडे होतात.

आणि रोज 'कधी संपणार' असं विचारू नका. मेलबर्नचं घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास, त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच. तिकडचे गाइड सकाळी दहाला बोलायला बसतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार-साडेपाच वाजलेले असतात. मूल दिवसा झोपलेलं दिसलं तर ते आळशी झालं असं समजू नका. लग्नाबद्दल एवढंच म्हणेन, की पाच वर्षं उत्तर न मिळणाऱ्या प्रश्नाशी टिकून राहिलेली मुलगी संसारात कच्ची पडेल ही भीती मला कळलेली नाही.

परत येण्याचा प्रश्न उरतो. बी.ई. करून एम.एस.ला गेलेली आपली बहुतेक मुलं तिकडची झाली, त्याबद्दल मी तक्रार करत नाही, माझ्याही नात्यात तेच आहे. सयाजीरावांनी दहा वर्षांचा करार लिहून घेतला तो माणूस परत यावा म्हणून. आजच्या दुहेरी पदवीत बंधन असं नसतं. पण इथला गाइड असतो, इथली प्रयोगशाळा असते, इथल्या ग्रिडची मोजमापं त्याच्या प्रबंधात असतात. परत यायला एक दार उघडं राहतं. यूजीसीच्या निकषांत बसणाऱ्या विद्यापीठांना आता हे करार करता येतात. इथे विद्याशाखा आहे, कारखाने आहेत, चाचणीची संस्था आहे. बडोद्यातून परदेशी विद्यापीठाबरोबर विजेवर संयुक्त पीएच.डी. होऊ शकावी, असं मला वाटतं, आणि इथे बसलेल्यांपैकी ज्यांचा विद्यापीठात शब्द चालतो त्यांनी तो टाकावा.

एक शेवटची माहिती. प्रबंधाची तोंडी परीक्षा सर्वसाधारणपणे खुली असते. विद्यार्थी तासभर आपलं काम मांडतो, एखादा परीक्षक पडद्यावर परदेशातून बसलेला असतो, आणि मागच्या बाकांवर कुणालाही बसता येतं. आईवडिलांना हे कुणी सांगत नाही, त्यामुळे ते घरी फोनची वाट बघत बसतात. पोरगी काय म्हणते आहे त्यातलं निम्मं कळणार नाही, चालेल. तारीख विचारून ठेवा, सकाळची गाडी पकडा. परीक्षा पवईला असेल तर बोरिवलीला उतरलं की रिक्षा मिळते.